चौकटीचे कापलेले पाय

या, अशा पुढे सरका. तिथे सभागृहाच्या भिंतीशी टेकून बसलात तर मला मान वळवून बोलावं लागतं, आणि माझी मान आता माझं ऐकत नाही. आणि एक सांगते, रागावू नका. तुम्ही लोक आईला रोज फोन करता, "जेवलीस का, गोळी घेतलीस का" एवढं विचारता आणि ठेवून देता. तिला काय काय माहीत आहे ते कुणी विचारत नाही. मग ती गेली की कपाटं उपसत बसता. हे बोलणारी मी फार शहाणी आहे असं नाही बरं. मला विचारलं होतं. मी सांगितलंही होतं, आणि चुकीचं सांगितलं होतं.

माझं माहेर कोकणात, एका खाडीच्या काठाला. लग्न होऊन नारायण पेठेत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आता चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांवर झालं. साखर डब्यात ओतायची आणि कागद वाचायला घ्यायचा. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टी माहीत आहेत, पण पुडी जिथे फाटली तिथे माहितीही संपली. आमचे हे म्हणतात, "हिचं ज्ञान पाव किलोच्या मापात आहे." बोलू द्या. पुण्यात जन्मलेल्या माणसाला दुसऱ्याच्या ज्ञानाचं वजन केल्याशिवाय जेवण जात नाही.

माझी नात, मुलाची मुलगी, इंजिनियर आहे. ती इथेच पुण्यात एका ऑफिसात जाते आणि दिवसभर संगणकावर पूर आणते. खरंच सांगते. खाडीचा नकाशा काढायचा, त्यात पाणी सोडायचं, आणि पुढे हवामान बदललं तर ते कुणाच्या घरात किती शिरेल ते बघायचं. गेल्या पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, नदीपात्रातला रस्ता बंद होता, म्हणून ती त्या दिवशी घरूनच काम करत होती. मी विचारलं, "समोर नदी फुगली आहे ती सोडून तू समुद्राकडचे पूर कशाला बघतेस?"

"आजी, इथे वरून पाणी येतं आणि खाली जातं. खाडीत वरून येतं आणि खालूनही येतं."

मग तिने मला नीट समजावलं. डोंगरात पाऊस पडला की नदी समुद्राकडे निघते. त्याच वेळेला भरती असली तर समुद्र आत शिरत असतो. म्हणजे बसच्या एकाच दाराने चढणारे आणि उतरणारे दोघंही घुसले की जे होतं, ते. पाणी मधेच अडकतं आणि बाजूच्या घरात शिरतं. आता त्यात समुद्राची पातळीच हळूहळू वर येते आहे आणि पाऊसही पूर्वीसारखा आठ दिवस पुरवून पडत नाही, एका दिवसात सगळा ओततो. मी म्हटलं, "हे तर आम्हाला माहीतच आहे. उधाणाला पाऊस लागला की बाबा भाताची पोती माळ्यावर चढवायचे."

ती माझ्याकडे बघायला लागली. "आजी, तुमच्या खाडीवर काम चाललंय माझं. तिथे पाणी मोजायची पट्टी अगदी अलीकडे बसली आहे. जुने पूर किती चढले होते याचा काही डेटाच नाही."

"डेटा नसेल," मी म्हटलं, "आमच्या दाराची चौकट आहे."

आता ही चौकट तुम्हाला सांगायला हवी. आमच्या पुढच्या दाराची, फणसाच्या लाकडाची. पूर ओसरला की बाबा पटाशी घेऊन यायचे आणि पाण्याचा डाग जिथवर असेल तिथे चौकटीला एक आडवी खाच मारायचे. प्रत्येक खाचेला काहीतरी खूण. सगळ्यात जुन्या खाचेशेजारी एक मोरपीस कोरलेलं आहे, कारण तो पूर गोकुळाष्टमीला आला होता. मी तेव्हा नऊ वर्षांची. सुंठवड्याची परात तरंगत ओटीवर गेली होती आणि मी माळ्यावरून तिच्याकडे बघून रडत होते. आई दारात उभी होती, कमरेएवढ्या पाण्यात, एका हाताने कडी धरून.

गणपतीत नातीने माझ्या धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो आणि भावजय अजून त्याच घरात राहतात. त्याने टेप धरली, उंबऱ्यापासून एकेका खाचेपर्यंतची उंची वाचली, तिने लिहून घेतली. मी बाजूला बसून प्रत्येक खाचेचा इतिहास सांगत होते. मोरपिसाची खाच भावाच्या गुडघ्यापाशी आली. मला जरा चमत्कारिक वाटलं. आई कमरेएवढ्या पाण्यात होती ना? पण म्हटलं, आई बुटकी होती, मी लहान होते, लहानपणी सगळंच खोल दिसतं. बोलले नाही. त्या क्षणी मला कुणीतरी महत्त्वाचं समजत होतं हो, आणि ते मोडायला नको वाटलं.

नात खूश झाली. जुना पूर गुडघ्याला, त्यानंतरचे त्याच्या वर, आणि गेल्या काही वर्षांतले आणखी वर, असा सुंदर जिना तयार झाला होता. "आजी, तू माझं पट्टी-स्टेशन आहेस," ती म्हणाली. मी आठ दिवस ते शेजारणींना सांगत हिंडले.

एवढ्यावर थांबलं असतं तर ऑफिसातल्या कागदाचा प्रश्न होता. पण माझी भावजय दोन वर्षांपूर्वी पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आता ती वॉकर घेऊन चालते. पूर्वी पाणी आलं की दोघं शिडीने माळ्यावर जायची. आता तिला शिडी चढता येत नाही. म्हणून भावाने ठरवलं, अंगणात तिच्यासाठी एक वेगळी खोली बांधायची, जिचं जोतं एवढं उंच असेल की पाणी पोचणार नाही, आणि एवढंच उंच असेल की ती आपली आपण उतरून तुळशीपर्यंत जाईल. किती उंच ते त्याने नातीला विचारलं. नातीने माझ्या खाचांवरून सांगितलं. सगळ्यात वरच्या खाचेच्या वर एक वीत. भावाने जांभ्याचा चिरा आणून टाकला. दिवाळी झाली की गवंडी येणार होता.

भाऊबीजेला भाऊ पुण्याला आला. आमच्या घरात शिरताना त्याने मान खाली घातली, दाराखालून वाकून आत आला. तो सगळीकडेच असा शिरतो. बँकेत, दवाखान्यात, मोठ्या मंगल कार्यालयाच्या फाटकातूनसुद्धा. आमच्या माहेरची चौकट बुटकी, त्यामुळे त्या घरातली सगळी माणसं दार दिसलं की वाकतात.

हे पेपर खाली घेऊन म्हणाले, "सरळ या हो. आमच्याकडे दारं पूर्ण उंचीची बसवतात."

"सवय आहे, दाजी."

"मलाही तुमच्याकडून पहिली भेट मिळाली ती टेंगूळच. बोहल्यावर उभा होतो तर कपाळावर मुंडावळ्या कमी आणि हळद जास्त. फोटो आहेत."

सगळे हसले. मी ओवाळलं, त्याने चार घास खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो परत गेला. गवंडी वाट बघत होता.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी लाल भोपळा चिरत होते. विळीवर बसून. भोपळ्याचं बूड कुजकट निघालं, म्हणून तेवढा भाग कापून टाकला आणि उरलेला पाटावर उभा केला. तो आता बुटका दिसत होता. आणि माझा हात थांबला.

आमची चौकट बुटकी नव्हती. ती बुटकी झाली होती. मी ते बघितलं होतं.

मोरपिसाच्या पुरानंतर दोनेक वर्षांनी. खारं पाणी पिऊन पिऊन चौकटीचे दोन्ही पाय कुजले होते, बोट घातलं तर आत जायचं. फणसाचं जुनं लाकूड, बाबांना टाकवेना. त्यांनी सुताराला बोलावलं, चौकट काढून अंगणात आडवी ठेवली, खालचा कुजका भाग करवतीने कापला आणि उरलेली चौकट पुन्हा त्याच उंबऱ्यावर उभी केली. वर जी फट राहिली ती दगडमातीने भरून काढली. मी भुसा गोळा करत होते, चुलीला. भाऊ तेव्हा जन्मलाही नव्हता. आणि चौकट खाली आली तशी तिच्यावरची मोरपिसाची खाचही खाली आली. कमरेवरून गुडघ्यावर.

म्हणजे आई बुटकी नव्हती. पाणी खरंच कमरेला होतं. आणि माझ्या भावजयीच्या खोलीचं जोतं त्या पाण्याच्या खाली जाणार होतं.

मी भावाला फोन लावला. त्याच्या घरात रेंज फक्त पुढच्या दारात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, म्हणून एरवी फोन खिडकीतच ठेवलेला असतो, आणि खिडकी अशी आहे की वॉकर घेऊन भावजय तिथवर पोचेपर्यंत घंटा थांबते. चार वेळा लावला. मग पाच मिनिटांनी पुन्हा. मी उठून गॅलरीत गेले, आत आले, परत गॅलरीत गेले. ह्यांनी विचारलं, "काय शोधते आहेस?"

"काही नाही."

"मग सापडेल."

मी चपला घातल्या आणि नदीकडे चालत गेले. घरात बसवेना. पाणी केव्हाच उतरलं होतं, पात्रात गाड्या लावलेल्या, सगळं नेहमीसारखं. पण काठच्या झाडांच्या फांद्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या अडकून राहिल्या होत्या, फाटक्या, माझ्या डोक्याच्या वर. पावसाळ्यात पाणी तिथवर होतं. खाली चहाच्या गाडीपाशी उभी असलेली माणसं एकदाही वर बघत नव्हती. मी मात्र त्या पिशव्यांकडेच बघत राहिले. पाणी आपली खूण ठेवून जातं हो. तिथून ती हलवतो तो माणूस.

परत आले आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा फोन. उचलला नाही. नातीला ऑफिसात लावावा तर तिला काय सांगू? तिने माझ्या शब्दावर सगळं मांडलं होतं. साहेबांपुढे तिची शोभा होईल. मी डाळ धुतली, आणि तीच डाळ परत धुतली. संध्याकाळी ती आली तेव्हा मी दारातच उभी होते.

"आजी, बीपी वाढलंय का?"

मी तिला सांगितलं. भोपळ्यापासून सुरुवात केली, त्यामुळे तिला जरा वेळ लागला. पण समजल्यावर ती खुर्चीत बसली आणि लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेतली. मला वाटलं आता रागावेल.

"म्हणून," ती म्हणाली, "म्हणून ते जुळत नव्हतं. गावातल्या एका आजोबांनी सांगितलं होतं की त्या पुरात देवळाच्या चौथ्या पायरीला पाणी होतं. मी ते सोडून दिलं. म्हटलं म्हातारा माणूस, वाढवून सांगतोय. खाच तर खोटं बोलणार नाही."

"म्हाताऱ्याला खोटं ठरवलंस तू माझ्यामुळे."

"माझ्यामुळे. विचारायला हवं होतं की चौकट कधी काढली होती का." मग हसली. "माझा सुंदर जिना गेला, आजी."

"मग आता काय, पूर वाढत नाहीयेत असं लिहायचं?"

"तसं नाही. जुना एक फार मोठा होता, हे लिहायचं. म्हणजे तेवढा तिथे येऊ शकतो. आणि तेव्हाचा समुद्र आजच्यापेक्षा खाली होता." ती लॅपटॉप उघडत होती. "त्या दिवशी भरती किती असेल? तारीख तर माहीत नाही."

"अगं, गोकुळाष्टमी होती म्हटलं ना. अष्टमीला कसली भरती? अष्टमीला भांग असतो."

तिला कळेना. मला हसू आलं, कारण हे शिकवायला इंजिनियर लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, पाणी भरपूर चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी जेमतेम हलतं. खाडीकाठच्या पोरीला हे पाढ्यांच्या आधी येतं. नातीने बोटं कीबोर्डवर तशीच ठेवली.

"म्हणजे समुद्र सगळ्यात कमी चढतो त्या दिवशी कमरेएवढं पाणी होतं," ती हळू म्हणाली. "तोच पाऊस पौर्णिमेला पडला असता तर?"

हे आतून म्हणाले, "मोरपिसाऐवजी काय कोरलं असतं ते विचार."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की जिवाला स्वस्थ वाटेल. उलट आता दोन काळज्या झाल्या. एक त्या खाचेची, एक त्या पौर्णिमेची.

शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने फोन उचलला. मागे चिऱ्यावर चिरा ठेवल्याचा आवाज येत होता.

"काय गो ताई, एकवीस मिसकॉल? दाजी बरे आहेत ना?"

"गवंड्याला थांबव आधी."

मी सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. "चौकट कापली? मला वाटायचं बाबा बुटके होते म्हणून."

"बाबा तुझ्याएवढेच होते. तुझं डोकं आपटतं तसं त्यांचंही आपटायचं, फक्त ते बोलायचे नाहीत."

"आणि किती कापली? वीत? हात? तुला आठवतंय?"

तेच तर आठवत नव्हतं. भुसा आठवत होता, त्याचा वास आठवत होता, करवतीला आलेला ओला लाल रंग आठवत होता, पण लांबी नाही. मग एकदम सुचलं. "माजघराच्या दाराची चौकट मोज. दोन्ही एकाच सुताराने एका मापाच्या केल्या होत्या. माजघर उंचावर आहे, ती कधी कुजली नाही."

टेप ओढल्याचा आवाज आला. दोनदा. मग तो म्हणाला, "फरक एक हात चार बोटं."

एक हात चार बोटं. गुडघ्यापासून कमरेपर्यंत साधारण तेवढंच असतं, बघा मोजून.

नातीने फोन घेतला आणि त्याला नवीन उंची सांगितली. जुनी खरी खाच, तिच्यावर समुद्र वर आला तेवढं, त्याच्यावर उधाणाचं. तो "हं, हं" करत ऐकत गेला. मला माहीत होतं तो काय विचार करतोय.

"एवढ्या उंचावरून ती उतरणार कशी?" तो म्हणाला. "सात पायऱ्या होतील. ती दोन चढताना भिंत धरते. पाण्यापासून वाचवायचं म्हणून तिला वर कोंडून ठेवू काय? एक दिवसाच्या पाण्यासाठी बारा महिने?"

  नातीच्या नकाशात घरं होती, उंची होती, घरातल्या माणसाचा खुबा नव्हता.  तेवढ्यात फोनमध्ये वॉकरची टकटक ऐकू आली, खिडकीपर्यंत आली, आणि भावजयीचा आवाज.

"वन्सं, मी ऐकतेय सगळं. ह्यांना पायऱ्यांचंच कसं सुचतं? पावसाळ्याआधी होडी वर ओढतात ती काय पायऱ्यांवरून ओढतात?"

"म्हणजे?"

"लांबलचक उतार करा. जोत्यापासून तुळशीपर्यंत. होडी चढते, मी नाही चढणार? माझं वजन होडीपेक्षा कमी आहे अजून."

"अंगण सगळं जाईल त्यात," भाऊ म्हणाला.

"गेलं तर गेलं. अंगणात मी काय पोहायचंय?"

झालं. तिने ठरवलं. गवंड्याने घातलेले दोन थर तसेच ठेवून वर आणखी चिरे चढवले. उतार तुळशीला वळसा घालून फाटकापर्यंत गेला. भाऊ रोज फोटो पाठवायचा. एका फोटोत भावजय वॉकर घेऊन उताराच्या मध्यावर उभी होती, तोंड चिडलेलं, कारण तिला मागून कुणी धरलेलं आवडत नाही.

नातीने तिच्या अहवालात जुन्या खाचेची उंची बदलली, आणि देवळाच्या पायरीवाल्या आजोबांनाही परत फोन केला. ते म्हणाले म्हणे, "मी तेव्हाच सांगितलं होतं." माणसाला ते म्हणायची संधी मिळावी, औषधापेक्षा बरं असतं.

पण तुम्ही विचाराल, आता तरी स्वस्थ आहात ना? नाही हो. मी नातीला विचारलं, "आता पुरेल ना एवढी उंची?" तर ती म्हणाली, "आजी, पुरेल असं मी कधीच म्हणू शकत नाही. किती वेळा पुरणार नाही, तेवढं अंदाजाने सांगू शकते." तिला प्रामाणिक राहायला आम्हीच शिकवलं, आता ऐकून घ्यावं लागतं. त्या खोलीने अजून एकही पावसाळा पाहिलेला नाही. मी कॅलेंडरवर पुढच्या पावसाळ्यातल्या सगळ्या अमावास्या-पौर्णिमांना पेन्सिलीने गोल केले आहेत. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "संकष्ट्याही करून टाक, पेन्सिल हातात आहे तोवर."

म्हणून म्हणते, तुमच्यापैकी कुणाचं आजोळ, माहेर, सासर अशा खाडीच्या तोंडाशी असेल, घरात कुणी भिंतीवर, खांबावर, देवळाच्या पायरीवर पाण्याची खूण केलेली असेल, तर ती आठवा. आणि ती खूण तेव्हा जिथे होती तिथेच आहे ना, तेही आठवा. घरातल्या म्हातारीला विचारा. ती विसरली म्हणाली तर तिला भोपळा चिरायला द्या. आणि मग या आमच्याकडे, नारायण पेठेत, नात रविवारी घरी असते, ती सगळं लिहून घेईल, मी चहा टाकीन. दारात वाकायची गरज नाही, आमच्याकडे दारं पूर्ण उंचीची आहेत. पण या लवकर. मृगाच्या आत या. माझ्या आठवणीचेही पाय आता खालून भिजायला लागलेत.